आईला वारंवार युरिन इन्फेक्शन होतं. अँटिबायोटिकशिवाय दुसरं काही आहे का?

आईचं वय ६१, वर्षात चार वेळा इन्फेक्शन आणि दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या आईचंही हेच चालू होतं. लाजेपोटी ती "उन्हाळी लागलीय" एवढंच सांगायची आणि धण्याचं पाणी पीत राहायची. म्हणून आधी एकच विचारते: योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) क्रीमबद्दल कुणी डॉक्टर बोललेत का?

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू कमी होतात, आम्लता जाते आणि आतड्यातला ई. कोलाय हा जंतू तिथे ठाण मांडतो. तिथून मूत्राशय काही लांब नाही. १९९३ साली ९३ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतकी जुनी माहिती माझ्या आईपर्यंत तिसऱ्या डॉक्टरांकडून पोचली, याचा मला अजून राग येतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरं औषध मेथेनामाइन हिप्पुरेट. आम्ल लघवीत त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि जंतू मरतात. ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर त्याची रोजच्या कमी डोसच्या अँटिबायोटिकशी तुलना झाली (२०२२). वर्षाला इन्फेक्शन अँटिबायोटिकवर ०.८९, यावर १.३८. अँटिबायोटिक टळत असेल तर एवढा फरक मी पत्करीन. किडनी किंवा लिव्हर कमजोर असेल तर हे चालत नाही.

डी-मॅनोजवर पैसे घालू नका. ई. कोलाय ज्या साखरेला धरून मूत्राशयाला चिकटतो तीच ही साखर, त्यामुळे कल्पना पटते. पण २०२४ साली ५९८ स्त्रियांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही. क्रॅनबेरीने थोडा होतो.

मला खरी आशा वाटते ती एमव्ही१४० या लसीची. चार प्रकारचे मारलेले जंतू, जिभेखाली रोज फवारा, तीन महिने. स्पेन आणि ब्रिटनमधल्या चाचणीत त्यानंतरचे नऊ महिने निम्म्याहून जास्त स्त्रियांना एकदाही त्रास झाला नाही; औषध नसलेला फवारा घेणाऱ्यांत असं प्रमाण २५ टक्के होतं.

हे सगळं पुन्हा होऊ नये म्हणून. ताप, थंडी किंवा कुशीत दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेव्हा अँटिबायोटिकच लागतं. फक्त पहिली गोळी घेण्याआधी कल्चरसाठी (कोणता जंतू आहे ते तपासायला) लघवी देऊन या.