बोटीतली मधली जागा

(इंदूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा अकरावी सायन्सला. शाळेच्या रोइंग, म्हणजे बोट वल्हवण्याच्या खेळाच्या, टीमबरोबर इंग्लंडमधल्या एका रेगाटाला, म्हणजे बोटींच्या स्पर्धेला, जाऊन आला. त्याची चौघांची बोट पहिल्याच फेरीत बाद झाली. परतल्यापासून तो घरात कुणाशी धड बोलत नाही. वडील विचारतात: रोइंग बंद करून इंदूरच्या भंवरकुआँ भागात जेईईचा क्लास लावावा, की त्याला सिंगलमध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, उतरवून अमेरिकेच्या स्कॉलरशिपच्या मागे लागावं?)

नमस्कार,

तुमच्या पत्रात दहावीचे टक्के आहेत, व्हिसा-तिकिटांचा खर्च आहे, क्लासची फीसुद्धा आहे. मुलाला काय हवंय, ते मात्र कुठेच नाही. आणि एक वाक्य असं आहे, की क्लास आणि स्कॉलरशिप बाजूला ठेवून आधी त्याबद्दलच बोलायला हवं. तुम्ही लिहिता, ‘विमानतळावरून घरी येतानाच त्याला सगळा हिशोब दाखवला, म्हणजे जबाबदारी कळेल.’

अहो, सोळा-सतरा वर्षांचं पोर एवढा लांबचा प्रवास करून, हरून आलं होतं. त्याला काय कळलं असेल? तोंड उघडलं की पैशांचा विषय निघतो, एवढंच. म्हणून तो गप्प आहे. पाठवायचं की नाही, हे तुम्ही ठरवलं होतं. परवडत नसतं तर ‘नाही’ म्हणण्यात काहीच कमीपणा नव्हता. पण पाठवल्यावर तो खर्च मुलाच्या डोक्यावर ठेवायचा, हे मला मुळीच पटत नाही. आज रात्री जेवताना त्याला स्पष्ट सांगा की पैसे आम्ही आमच्या खुशीने घातले, तो विषय संपला. मग शर्यतीचं विचारा. वारा कुठून होता, समोरची बोट कुठल्या टप्प्यावर पुढे गेली, शेवटी हात किती भरून आले. उत्तर लगेच येणार नाही, पण विचारत राहा. मात्र मध्ये ‘पण मग जिंकला का नाहीत’ असं म्हणू नका.

दुसरी गोष्ट, ‘तो मधल्या जागेवर बसतो, कुणाच्या नजरेत येत नाही, टीमचं यश वाटलं जातं’ ही तुमची समजूत. ती साफ चुकीची आहे. स्ट्रोकच्या जागेवर, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला, बसलेला लय धरतो आणि मधल्या जागा सहसा सगळ्यांत ताकदीच्या मुलांना मिळतात. प्रशिक्षकांनी तिथे बसवलं, म्हणजे त्याच्या अंगातल्या जोरावर भरवसा ठेवला. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सिंगल स्कल्सचे, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीचे, नावाजलेले खेळाडू, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत सिंगल्सच्या अंतिम शर्यतीत ते सहावे, म्हणजे शेवटचे आले. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर क्वाड्रपल स्कल्समध्ये, म्हणजे तशाच चौघांच्या शर्यतीत, त्यांनी सुवर्ण मिळवलं. त्या सुवर्णाचे काही चार तुकडे झाले नाहीत, प्रत्येकाच्या नावावर ते पूर्णच आहे. आणि सहावे आलेल्या त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर कुणी खर्चाची वही उघडली असती, तर दुसऱ्या दिवशी वल्ही कशी चालली असती, याचा विचार करा.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. तिथल्या कॉलेजांत मुलींचं रोइंग एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज-खेळांच्या मोठ्या संघटनेच्या, स्पर्धांत आहे, मुलांचं नाही. हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीग विद्यापीठं तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. परदेशी रेगाटाच्या सर्टिफिकेटपेक्षा तिथले प्रशिक्षक अर्गोमीटरवरची, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग यंत्रावरची, 2000 मीटरची वेळ आधी विचारतात. तेव्हा त्या एका आशेवर घराचं गणित मांडू नका. जेईई त्याला स्वतःला द्यायची असेल तर जरूर द्यावी. आयआयटी मद्रासने 2024 पासून खेळाडूंसाठी वेगळ्या जागा ठेवल्या आहेत, पण तिथेही जेईई अॅडव्हान्स्ड पास व्हावंच लागतं. रोइंगच पुढे न्यायचं असेल तर भोपाळला बड्या तलावावर राज्याची जलक्रीडा अकादमी आहे, तिथे आधी चौकशी करा.

क्लासची फी अजून भरली नसेल तर महिनाभर थांबा. सिंगल की टीम, हे प्रशिक्षक आणि मुलगा ठरवतील. त्यासाठी प्रशिक्षकांना फोन करू नका. कदाचित तो स्वतःच म्हणेल की रोइंग पुरे झालं. तसं असेल तर तेही ऐकून घ्या.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. लिहायचं नसेल तर आग्रह नको. लिहिलं, तर तुम्ही वाचून, दुरुस्त करून पाठवू नका.