वाचकांचे प्रश्न : फळ उडालं, धूर उरला

प्रश्न : वर (पहिल्या वासात) प्लम-रासबेरी आणि खाली (मागून उरणाऱ्या वासात) ऊद-धूर असं एक महागडं निश, म्हणजे छोट्या खास ब्रँडचं, परफ्यूम घेतलं. दुकानात कागदी पट्टीवर अगदी जॅमसारखा वास होता. घोडबंदर रोडहून निघून ऐरोलीचं ऑफिस गाठेपर्यंत मात्र नुसतं जळकं लाकूड उरतं. माल डुप्लिकेट असेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एवढ्यावरून डुप्लिकेट म्हणता येणार नाही. अशा परफ्यूममध्ये फळ दोन तऱ्हेच्या द्रव्यांतून येतं. रसरशीत ताजेपणा देतात ती एस्टर. ती हलकी असतात, अंगावर 15-20 मिनिटांत उडतात. मुरांब्याचा पाकातला गोडवा येतो तो रासबेरी कीटोन, डॅमस्कोन, इथाइल माल्टॉल यांतून. ही द्रव्यं तासन्‌तास टिकतात, पण धुराचा वास देणारं ग्वायकॉल नाकाला इतक्या कमी मात्रेत जाणवतं की गोडवा त्याखाली दबतो. त्यातून दुकानातली पट्टी एसीत असते आणि तुमची त्वचा 32-33 अंशांवर, वर लोकलमधला घाम.

अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. ते मुरलं की एक फवारा छातीवर आणि एक शर्टाच्या आतल्या बाजूला, वीतभर अंतरावरून. कापड त्वचेपेक्षा थंड असल्यानं तिथं फळ जास्त वेळ राहतं. दोनच फवारे पुरे. दुपारी तेच पुन्हा मारलं तर फळ परत येतं खरं, पण सकाळच्या धुरावर नवा धूर चढतो आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी खिडकी शोधू लागतात. त्यापेक्षा दुपारी साधं, निव्वळ फळाचं एखादं स्वस्त बॉडी मिस्ट वरून मारा. खालच्या धुराचा पाया तयारच असतो.

पुढच्या वेळी आधी 2 मिलीचं सॅम्पल घ्या आणि ऑक्टोबरच्या उन्हात चार तास अंगावर वागवून मगच पूर्ण बाटलीचा विचार करा. पट्टीवरचा पहिला वास हा या जातीच्या परफ्यूमचा सगळ्यात फसवा भाग.

प्रश्न : घरीच असं मिश्रण करून पाहिलं. 30 मिलीत बर्च टारचे (बर्च झाडाच्या सालीपासून काढलेल्या धुरकट वासाच्या डांबराचे) 5 थेंब आणि केकसाठी मिळतो तो स्ट्रॉबेरी इसेन्स घातला. आता होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या राखेसारखा वास येतो, शिवाय मिश्रण गढूळ झालंय. सुधारता येईल?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : गढूळपणा इसेन्समुळे. त्यात पाणी, प्रोपिलिन ग्लायकॉल आणि रंग असू शकतो. तो खाण्यासाठी आहे, अंगावर लावण्यासाठी नाही. हे मिश्रण अंगाला लावू नकाच.

नव्यानं करताना बर्च टार कधीही थेट घालू नका. 0.1 ग्रॅम बर्च टार 9.9 ग्रॅम परफ्युमरी अल्कोहोलमध्ये विरघळवून 1 टक्क्याचं द्रावण करा. या द्रावणाचे 500 थेंब म्हणजे तुमचे ते 5 थेंब, साधारणपणे! 30 मिलीसाठी 0.2 ग्रॅम द्रावणानं सुरुवात करा आणि 0.6 च्या वर जाऊ नका. थेंब मोजण्यात चूक होते, म्हणून 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. बर्च टार ‘रेक्टिफाइड’च, म्हणजे शुद्ध केलेलंच हवं, कच्च्या टारमध्ये घातक पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन असतात आणि इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमांत कच्चं टार परफ्यूमसाठी चालत नाही.

धुराचा बाकीचा भार नागरमोथ्याच्या तेलावर टाका. मातकट, किंचित धुरकट असा हा वास प्लमबरोबर छान बसतो आणि बर्च टारसारखा अंगावर येत नाही. फळासाठी पीचचा वास देणारं गॅमा-अनडेकालॅक्टोन आणि रासबेरी कीटोन, दोन्ही 10 टक्के द्रावणात घ्या. रासबेरी कीटोनचे स्फटिक असतात, ते पूर्ण विरघळेपर्यंत हलवत राहा. मिश्रण दोन आठवडे अंधारात मुरू द्या. पहिल्या दिवशी धूर कमी वाटला म्हणून लगेच वाढवू नका.

प्रश्न : बाटलीतलं परफ्यूम तपकिरी होत चाललंय, पांढऱ्या कुर्त्यावर डागही पडला. खराब झालं का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : गोड परफ्यूममध्ये व्हॅनिलिन असेल तर रंग गडद होतोच. वास बदलला नसेल तर बिनधास्त वापरा, फक्त फिक्या कपड्यांवर नको. बाटली खिडकीत किंवा बाथरूममध्ये न ठेवता कपाटात, खोक्यातच ठेवा.