ॲनिमेशनमधला ‘अन्’

प्रश्न असा आला आहे : ‘संगणकावर केलेल्या चित्रपटाचं “ग्राफिक्स” छान होतं म्हणायचं की “ॲनिमेशन”? आणि ॲनिमेशनला सचेतनीकरण म्हटलेलं चालेल का?’

पहिला भाग झटपट. सगळ्याला ‘ग्राफिक्स’ म्हटलेलं ऐकून कान किटले आहेत. संगणकानं काढलेलं कुठलंही चित्र म्हणजे ग्राफिक्स : हवामानाचा नकाशा, सीटी स्कॅनमधला मेंदूचा छेद, पुलाचा आराखडा. विल्यम फेटर यांनी १९६०मध्ये ‘कंप्युटर ग्राफिक्स’ हा शब्दप्रयोग रूढ केला, तो बोइंग या विमान कंपनीत काम करताना. सिनेमाशी त्याचा संबंध नव्हता. राक्षस धावताना पाहून ‘काय ग्राफिक्स आहे!’ म्हणणं म्हणजे नाच पाहून नुसत्या पोशाखाला दाद देणं. धावणं हे ॲनिमेशन.

आता खरी गंमत. ‘ॲनिमेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘आनिमा’ आहे : श्वास, जीव. त्याचं सख्खं भावंड आपल्या घरात आहे, संस्कृत ‘अन्’ धातू, म्हणजे श्वास घेणे. प्र + अन् = प्राण. वाहतो तो अनिलही त्यातलाच, आणि ग्रीकांचा ‘आनेमोस’ म्हणजे वाराही. आणखी पाहा : लॅटिननं आनिमापासून ‘ॲनिमल’ केला, आपण प्राणापासून ‘प्राणी’ केला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली!

म्हणूनच ‘सचेतनीकरण’ मला पटत नाही. सचेतन म्हणजे सजीव, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा. व्यवहारात तसा अर्थ आहे, मान्य. पण चेतना आली ‘चित्’ धातूपासून, आणि चित् म्हणजे जाणणे. पडद्यावर गिरक्या घेत उतरणाऱ्या पानाला कसली आली जाणीव? त्याला हवा असतो वारा. ‘चलच्चित्र’ तर सरळ चूक आहे, कारण प्रत्येकच सिनेमा चलच्चित्र असतो. ‘अनुप्राणित’, म्हणजे प्राण फुंकलेला, हा शब्द आपल्याकडे तयार आहे, त्यावरून ‘अनुप्राणन’ करावं. अवघड वाटतो असं म्हणणाऱ्यांनी ‘सचेतनीकरण’ तीनदा भरभर म्हणून दाखवावं.

या व्युत्पत्तीचा पुरावा कोशापेक्षा ॲनिमेटरच्या कामात जास्त सापडतो. हातानं काढलेलं पात्र एकाच चित्रावर क्षणभर थांबवलं तरी खपून जातं. संगणकावरच्या त्रिमित पात्राचं तसं होत नाही. तिथे ॲनिमेटर महत्त्वाच्या मुद्रा, म्हणजे की-फ्रेम, ठरवतो आणि मधल्या चौकटी, म्हणजे मधलं एकेक चित्र, संगणक भरतो. दोन की-फ्रेम तंतोतंत सारख्या ठेवल्या, तर सेकंदाच्या २४ चौकटी एकसारख्याच निघतात आणि पात्र तिथल्या तिथे मेल्यासारखं दिसतं. म्हणून नुसत्या उभ्या पात्रालाही बारीकशी हालचाल देतात. तिला ‘मूव्हिंग होल्ड’ म्हणतात. खांदे किंचित सैल होतात, छाती जराशी वर येते, खाली जाते. पात्र श्वास घेऊ लागतं.