डोमला ‘कवच’ म्हणावं का, आणि ‘परवडतं’ म्हणजे नक्की काय

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या ‘गोल्डन डोम’बद्दल, म्हणजे शत्रूची क्षेपणास्त्रं वाटेतच पाडायच्या तिच्या नव्या योजनेबद्दल, ‘अमेरिकेला सुवर्ण कवच परवडणार का?’ असा मथळा वाचला, तर डोमला कवच म्हणणं बरोबर आहे का, की सरळ घुमट म्हणावं, आणि त्याच बातमीत आलेला ‘क्षेपणास्त्र संरक्षण प्रणाली’ हा शब्द व्याकरणात बसतो का.

आधी दुसऱ्याचं बघू, ते लवकर संपेल. बालसंरक्षण, वनसंरक्षण, ग्राहक संरक्षण, मृदसंरक्षण, हे शब्द घ्या. सगळीकडे पहिल्या पदाचं रक्षण होतंय, म्हणजे षष्ठी तत्पुरुष. त्या सवयीने वाचलं तर ‘क्षेपणास्त्र संरक्षण’ म्हणजे क्षेपणास्त्राचं संरक्षण झालं, उलटाच अर्थ. पण ‘पूरसंरक्षक भिंत’ आपण म्हणतोच की, आणि ती भिंत पुराला वाचवत नाही, पुरापासून गावाला वाचवते, तो पंचमी तत्पुरुष. त्यामुळे शब्द चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण दुहेरी आहे. आणि गंमत म्हणजे षष्ठीवाला अर्थसुद्धा एकदा खरा झालाय. अमेरिकेने नॉर्थ डकोटात ‘सेफगार्ड’ नावाची यंत्रणा उभी केली ती शहरांसाठी नव्हतीच, जमिनीखालच्या सायलोंमध्ये, म्हणजे उभ्या भुयारांमध्ये, ठेवलेली अमेरिकेची स्वतःची ‘मिनिटमन’ अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं शाबूत राहावीत म्हणून होती, म्हणजे अक्षरशः क्षेपणास्त्राचं संरक्षण. तिच्यावर काही अब्ज डॉलर गेले, १ ऑक्टोबर १९७५ ला ती पूर्ण क्षमतेने चालू झाली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने ती बंद करायच्या बाजूने मत दिलं. पुढच्या वर्षाच्या सुरवातीला बंद झालीही.

तर माझ्या मते सगळ्यात स्वच्छ शब्द ‘क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा’. कोणी ‘क्षेपणास्त्ररोधक’ सुचवतात, पण जलरोधक, भूकंपरोधक म्हटलं की पाणी आत शिरणारच नाही, इमारत पडणारच नाही असं आपण धरून चालतो. ‘विरोधी’ तेवढं वचन देत नाही, ती लढेल एवढंच सांगतो.

आता कवच. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण हा शब्द मला खरंच खटकतो.

‘डोम’ हे नाव मुळात इस्रायलच्या रॉकेटविरोधी यंत्रणेचं, ‘आयर्न डोम’चं, आणि तिचं हिब्रू नाव ‘किप्पत बर्झेल’. किप्पा म्हणजे घुमट, आणि ज्यू लोक डोक्यावर घालतात त्या छोट्या गोल टोपीलाही किप्पाच म्हणतात. नाव ठेवतानाची हकीकत अशी सांगतात की आधी ‘सोनेरी घुमट’ असंच नाव डोक्यात आलेलं, पण सोनं म्हणजे भपका वाटेल म्हणून लोखंडावर आले. आणि आता अमेरिकेत तेच सोनं परत आलंय, म्हणजे जानेवारी २०२५ च्या आदेशात ट्रम्प यांनी ‘अमेरिकेसाठी आयर्न डोम’ म्हटलेलं, त्याचं पुढे ‘गोल्डन डोम’ झालं. तेव्हा शब्दाला शब्द ठेवायचा तर घुमट किंवा टोपी, कवच कुठेच नाही. कवच आपण घातलं.

आणि कवच म्हटलं की मराठी माणसाच्या मनात काय येतं? कर्णाची कवचकुंडलं, जन्मताच अंगावर आलेली, फुकट, कातडीसारखी चिकटलेली, आणि ती असेपर्यंत त्याला मरण नाही. नाहीतर कवचस्तोत्रं, ज्यात डोक्यापासून पावलापर्यंत एकेका अवयवाचं नाव घेऊन राखण मागतात, एकही जागा उघडी ठेवत नाहीत. त्यात मथळा लिहिणारा ‘अभेद्य’ जोडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की एकदा पैसे दिले, अंगावर चढवलं, काम झालं. निदान ‘चिलखत’ म्हटलं असतं तरी त्याला वजन आहे, सांधे आहेत, सांध्यात फटी आहेत, महाराजांनी प्रतापगडाखाली अंगरख्याच्या आत चिलखत घातलं तरी वाघनखं आणि जिवा महाला बरोबर होतेच हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

या यंत्रणा प्रत्यक्षात करतात काय, तर पाडायच्या प्रत्येक अस्त्रावर आपलं एक किंवा दोन अस्त्र सोडतात, त्याला इंटरसेप्टर म्हणतात. ते गेलं की गेलं. आपल्याकडे हवाई दलात एस-४०० या रशियाकडून घेतलेल्या हवाई संरक्षण यंत्रणेला ‘सुदर्शन’ म्हणतात आणि १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून ‘मिशन सुदर्शन चक्र’ जाहीर झालं, २०३५ पर्यंतचं. नाव देखणं आहे, मला आवडतंही, पण सुदर्शन चक्र काम करून परत बोटावर येतं, इंटरसेप्टर येत नाही, दुसरा विकत घ्यावा लागतो.

मला याच्यासाठी मनात येणारा शब्द ‘राखण’ आहे. आमच्या आजोळी बार्शीकडे ज्वारी हुरड्यात आली की मामा पहाटे माळ्यावर चढायचा, कमरेला गोफण, पायाशी गोट्यांचा ढीग जो आम्ही पोरांनी आदल्या संध्याकाळी ओढ्यातून वेचून आणलेला असायचा. पाखरांचा थवा आला की गोफण दोनदा डोक्यावरून फिरायची आणि फट्ट असा आवाज यायचा. पण थवा रानावरून नुसताच पुढे चालला असेल तर मामा हातच उचलायचा नाही, म्हणायचा ती आपल्यात उतरत नाहीत, गोटा कशाला घालवू. आयर्न डोम अगदी हेच करतो! मार्च २०११ मध्ये इस्रायलमधल्या बीरशेबाजवळ त्याची पहिली बॅटरी, म्हणजे रडार आणि प्रक्षेपकांचा संच, लागली, तेव्हापासून त्याचं रडार आधी आलेलं रॉकेट कुठे पडणार ते काढतं, मोकळ्या माळावर पडणार असेल तर जाऊ देतं आणि वस्तीवर येणार असेल तरच ‘तामीर’ हा आपला इंटरसेप्टर सोडतं. कवच असं निवडत नाही, राखणदार निवडतो. राखणीत गोटे संपतात, राखणदार थकतो, आणि सगळ्या बाजूंनी एकदम थवे आले तर काही कणसं जातातच, हे सगळं त्या एका शब्दात आपोआप येतं. बातमीत ‘क्षेपणास्त्र राखण’ छापा असं मी म्हणत नाही, पण अर्थ समजून घ्यायला हा शब्द मनाशी धरावा.

याच्याच पोटात अजून एक क्रियापद आहे जे कोणी विचारलं नाही पण सांगतो, ‘इंटरसेप्ट’साठी आपण लिहितो ते ‘अडवलं’. १५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध चालू, राष्ट्राध्यक्ष थोरले बुश मॅसॅच्युसेट्समध्ये अँडोव्हरला ‘पॅट्रियट’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बनवणाऱ्या कारखान्यात गेले आणि म्हणाले की इराकच्या ४२ स्कड क्षेपणास्त्रांपैकी ४१ इंटरसेप्ट झाली. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या समितीपुढे हा आकडा निघाला तेव्हा लष्कराच्या जनरलने खुलासा केला की राष्ट्राध्यक्ष ‘नष्ट केले’ म्हणाले नव्हते, इंटरसेप्ट म्हणजे पॅट्रियट आणि स्कड यांची आकाशात गाठ पडली, एवढंच. आता मराठीत ‘४१ स्कड अडवले’ लिहिलं तर वाचणारा काय समजेल? गाडी अडवली म्हणजे थांबली, पाणी अडवलं म्हणजे पुढे गेलं नाही. म्हणजे मूळ शब्दात नसलेला निकाल आपल्या क्रियापदाने देऊन टाकला. तिथे ‘गाठलं’ हवं, आणि खरंच तुकडे झाले असतील तर ‘पाडलं’. बुश यांच्या त्या भाषणानंतर दहाच दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, सौदी अरेबियातल्या दहरानच्या बराकीवर स्कड पडून २८ अमेरिकन सैनिक गेले, तिथली पॅट्रियट सलग १०० तास चालू राहिल्याने तिचं घड्याळ एक तृतीयांश सेकंद चुकलं होतं, त्यामुळे ती भलतीकडेच बघत राहिली आणि सुटलीच नाही. या २८ जणांसाठी तरी शब्द नीट वापरावेत असं मला मनापासून वाटतं.

आता मथळ्यातलं ‘परवडणार का’. यावर तर सगळा वाद उभा आहे आणि मराठीत हे क्रियापद दोन कामं करतं. ‘मला गाडी परवडत नाही’ म्हणजे खिशात तेवढे पैसे नाहीत. ‘कांदा परवडत नाही’ असं शेतकरी म्हणतो तेव्हा खिशाचा प्रश्न नसतो, घातलेला पैसा निघत नाही असं तो म्हणत असतो. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २३ मार्च १९८३ ला अंतराळातल्या संरक्षणाची कल्पना मांडली, विरोधकांनी तिला ‘स्टार वॉर्स’ म्हटलं, आणि १९८५ मध्ये त्यांच्याच सल्लागारांपैकी पॉल निट्झे यांनी जी अट घातली ती अगदी कांद्यावाली आहे: शत्रूला एक जादा अस्त्र बनवायला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा कमी खर्चात ते आपल्याला पाडता आलं पाहिजे, नाहीतर तो नुसती अस्त्रं वाढवत जाईल आणि आपण दमू. या मापाने आयर्न डोमसुद्धा परवडत नाही, एक तामीर ४० ते ५० हजार डॉलरला पडतो आणि समोरचं, गाझातून येणारं साधं कस्साम रॉकेट काहीशे डॉलरला. पण इस्रायली माणूस हिशोब रॉकेटशी लावतच नाही, ते ज्या घरावर पडणार होतं त्याच्याशी लावतो, आणि माझ्या मते तिथे त्याचं बरोबर आहे, मामानेही गोट्याची किंमत पाखराशी नाही तर कणसाशी लावली असती.

गोल्डन डोमला मात्र हा हिशोब लागू पडत नाही असं मला वाटतं. मे २०२५ मध्ये १७५ अब्ज डॉलर आणि सुमारे तीन वर्षं असं जाहीर झालं, आणि त्याच महिन्यात तिथल्या काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने नुसत्या अंतराळातल्या इंटरसेप्टरांचा वीस वर्षांचा खर्च १६१ ते ५४२ अब्ज असा धरला. हे इंटरसेप्टर उपग्रहांवर बसवायचे, आणि उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात त्यामुळे नको तिथेच बहुतेक असणार, आणि काही वर्षांनी खाली येऊन जळणार, मग परत नवे सोडा. सध्या अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून जमिनीवरचे ४४ इंटरसेप्टर आहेत, त्यांच्या आधीपासून ठरवून घेतलेल्या टेस्टमध्येही निम्म्याहून थोडेच जास्त नेम लागले, आणि रशियाकडे तर तैनात अण्वस्त्रंच हजाराच्या वर. बाजूने बोलणारे म्हणतात की हे उत्तर कोरियासारख्या मोजक्या अस्त्रांच्या देशासाठी किंवा चुकून सुटलेल्या एखाद्या क्षेपणास्त्रासाठी आहे, आणि अर्धवट बचावानेही शत्रू विचारात पडतो. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण तो मुद्दा राखणीचा आहे, आणि पैसे मागितले जातात कवचाच्या नावाने. रॉकेटमध्ये एखादं सुटलं तर एक घर जातं, अण्वस्त्रात एक सुटलं तर शहर.

म्हणून मथळा मला लिहायला दिला असता तर ‘गोल्डन डोम’ हे नाव तसंच ठेवून पुढे ‘अमेरिकेची नवी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा’ जोडलं असतं, कारण विशेषनामाचं भाषांतर करायची गरज नाही, आणि ‘परवडणार का’च्या जागी ‘१७५ अब्ज डॉलरमध्ये किती क्षेपणास्त्रं पडतील?’ असं विचारलं असतं. लांब होतो, दोन ओळी लागतील. ‘परवडणार’ ठेवायचंच असेल तर ‘अमेरिकेला’ काढा, पैसे तिच्याकडे आहेत, प्रश्न कांद्यावाल्या परवडण्याचा आहे.