माळ्यावर गेलेली विळी

"विळी कुणी माळ्यावर ठेवतं का, तुम्हीच सांगा," मुलीसाठी माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एक आई खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या. आधी विळी गायब झाली, मग सुऱ्या, आणि शेवटी कात्री गादीखाली सापडली. उद्योग त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीचा. तिला आपण सई म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. सईला साडेतीन वर्षांचा भाऊ. महिनाभरापूर्वीपर्यंत त्याला कडेवरून खाली न ठेवणारी मुलगी आता त्याला हात लावत नव्हती. तो गॅलरीत आला की ही आत पळायची. रात्री खोलीला आतून कडी.

आईंचं निदान तयार होतं. सईने मामेबहिणीकडे बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेचा एक भाग बघितला, त्यात बहीणच खुनी निघते, आणि 'तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच शिरलंय'. वडिलांनी घरचं वाय-फाय काढून टाकलं होतं. "तिला भाऊ नकोसा झालाय का हो? काही करणार तर नाही ना त्याला?" हे विचारताना बाईंचा आवाज अगदी खाली गेला.

तो भाग मी बघितलेला होता. 'द फायनल प्रॉब्लेम', 15 जानेवारी 2017 ला दाखवला गेलेला, चौथ्या सीझनचा शेवटचा. (ज्यांनी बघितला नसेल त्यांची माफी, पुढे रहस्य फुटणार आहे.) शेरलॉकला युरस नावाची धाकटी बहीण असते आणि तो तिला साफ विसरलेला असतो. लहानपणी भाऊ आपल्याला खेळायला घेत नाही म्हणून युरस त्याच्या जिवलग मित्राला, व्हिक्टर ट्रेव्हरला, विहिरीत सोडते. पोर तिथेच बुडून मरतं. शेरलॉकचं मन ते इतकं दाबून टाकतं की मोठेपणी त्याला मित्राऐवजी रेडबियर्ड नावाचा कुत्रा हरवल्याचं आठवत राहतं. युरस पुढे बेटावरच्या तुरुंगात बंदिस्त असते. मालिका म्हणून मला हा भाग फार ताणलेला वाटला, पण विहिरीचा प्रसंग अंगावर येतो हे खरं.

आईंना बाहेर बसवलं. सई वीस मिनिटं ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. मग एकदम म्हणाली, "मीच युरस असेन तर?"

कोशिंबिरीसाठी काकडी चिरत असताना भाऊ येऊन पायाला बिलगला आणि तिच्या मनात लख्खकन येऊन गेलं: ही सुरी याला लागली तर? मी लावली तर? तिने सुरी टाकली आणि पळाली. विचार गेला का, हे तपासायला तिने तो पुन्हा आठवून बघितला, तर तो होताच. मग दिवसातून पन्नास वेळा तपासणं सुरू झालं. त्यात एक जुनं गुपितही होतं. दहा वर्षं एकुलती राहिल्यावर भाऊ झाला, तेव्हा ती मैत्रिणीला म्हणाली होती, "हा नसता तर बरं झालं असतं." मालिकेत बहिणीचा मत्सर बघितल्यावर तिला वाटलं, पुरावा मिळाला.

म्हणजे आई ज्याला द्वेष समजत होत्या, तो पहारा होता. विळी माळ्यावर गेली ती भावाला वाचवायला. कडी आतून लावली जात होती ती झोपेत आपण उठून काही करू नये म्हणून.

'माझ्या मनात इतकं भयंकर येतं, म्हणजे मी तशीच आहे का?' हा प्रश्न मला बाळंतीण विचारते, बँकेतला अधिकारी विचारतो, रोज देवपूजा करणारे आजोबाही विचारतात. आपल्याकडे म्हण आहेच, मन चिंती ते वैरी न चिंती. रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं होतं, तेव्हा बहुतेकांनी असे नको ते विचार येतात असं सांगितलं. तुमच्या-माझ्या मनात ते येतात आणि 'छे, काहीतरीच' म्हणून निघून जातात. सईसारख्या मुलीच्या मनात ते अडकतात, कारण ती त्यांना गुन्ह्याची कबुली समजते. मग ते घालवायची धडपड, आणि माकडाची आठवण न काढता औषध घ्यायला सांगणाऱ्या वैद्याच्या गोष्टीसारखं होतं. माकड हटकून येतं.

याला मंत्रचळ म्हणतात, ओसीडी. सारखे हात धुणं एवढाच मंत्रचळ लोकांना माहीत असतो, म्हणून हा प्रकार घरात ओळखू येत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनीही तेच निदान केलं. काहींना गोळ्या लागतात. सईच्या बाबतीत आधी नुसत्या थेरपीने सुरुवात करायचं ठरलं.

इथे माझी एक चूक झाली. ही मालिका ज्यावरून केली त्या कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सच्या कथा मी शाळेपासून वाचत आलेय, त्यामुळे मोह आवरला नाही. मी तिला सांगितलं, अगं, कॉनन डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांत युरस नावाची बहीण नाहीच, ती मालिकावाल्यांनी घडवली. आणि व्हिक्टर ट्रेव्हर मरत बिरत नाही. 1893 च्या 'ग्लोरिया स्कॉट' कथेत तो होम्सचा कॉलेजमधला मित्र आहे. त्याचा कुत्रा होम्सच्या घोट्याला चावतो आणि तिथून मैत्री होते. पुढे तो आपल्याकडे, हिमालयाच्या पायथ्याच्या तराई भागात, चहाचा मळा करायला येतो! सई हसली. मी खूश. पुढच्या आठवड्यात ती आली ती याच प्रश्नासह: "पण मालिकेतला तर मेलाच ना? मग मी कुणासारखी?" 'तू असं करणार नाहीस' हे ती आईकडून रोज आठ-दहा वेळा वदवून घेत होती, मी त्यात होम्सची भर घातली, एवढंच. असा दिलासा तासभर पुरतो आणि मग जास्त लागतो.

म्हणून आधी घरच्यांचा दिलासा कमी केला. हे सईला विचारून, तिच्या समोरच आईंना सांगितलं. तिने विचारलं की आईंनी म्हणायचं, "हा मंत्रचळाचा प्रश्न आहे, याचं उत्तर मी देणार नाही." आईंना हे फार जड गेलं, लेक रडतेय आणि आपण उत्तर द्यायचं नाही. मग पायऱ्या ठरवल्या. विळी माळ्यावरून ओट्याखाली. भाऊ दुसऱ्या खोलीत असताना भाजी चिरणं. मग तो दारात असताना. मग शेजारी. विचार आला तरी सुरी खाली ठेवायची नाही, तपासायचं नाही, पळायचं नाही. तिसऱ्या पायरीला ती दोन आठवडे अडली. मध्ये परीक्षा आली, सगळं मागे गेलं, पुन्हा पहिल्यापासून.

आईंचा मूळ प्रश्न मी टाळला नाही. जे मूल दुसऱ्याला दुखवून मजा घेतं, मुक्या जनावरांना छळतं, रागात ठरवून धमक्या देतं, किंवा ज्याला 'मार' असं सांगणारे आवाज ऐकू येतात, त्याची गोष्ट वेगळी; तिथे थांबू नये, लगेच दाखवावं. सई यातली नव्हती. ती विचाराला घाबरून थरथरत होती. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

मत्सराबद्दलही एकदा बोलणं झालंच. दहा वर्षं एकटीचं असलेलं आईचं अंथरूण वाटून घ्यावं लागलं, तर राग येणारच. "आला होता खूप," सई म्हणाली. आईंना ते ऐकवायचं ठरलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं की. मला माझ्या धाकट्या बहिणीचा आला होता." सई आईकडे बघतच राहिली.

साताठ महिन्यांनी बाईंचा फोन आला. विळी जागेवर होती, भाऊ कडेवर होता. "पण मॅडम, तीच मालिका परत पहिल्या भागापासून बघायला बसलीय. बघू देऊ?"

"बघू द्या. वाटल्यास तुम्हीही शेजारी बसा."

"नको हो," त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते असलं बघायला."