तात्या विंचू पुन्हा बघताना

प्रिय दोस्ता,

पत्र मिळालं. 'झपाटलेला' इतक्या वर्षांनी पुन्हा लावलास आणि अर्ध्यात बंद केलास, याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण बंद करण्याचं जे कारण दिलंस, त्यावर मात्र बोलायला हवं. म्हणे "बाहुला आता खोटा दिसतो." अरे, तो लहानपणीही खोटाच दिसत होता. तो खरा माणूस आहे असं समजून तू कधीच घाबरला नव्हतास. हा नुसता बाहुला आहे हे पक्कं ठाऊक असायचं आणि तरी तो मान वळवायचा, म्हणून तू उशीत तोंड खुपसायचास. एर्न्स्ट येंच नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९०६ सालीच लिहून ठेवलंय की, समोरची वस्तू सजीव की निर्जीव याची खात्री होईनाशी झाली की माणूस अस्वस्थ होतो. त्यानं उदाहरणं दिली ती मेणाच्या पुतळ्यांची आणि बाहुल्यांची. म्हणजे खोटेपणा हा या प्रकारातला दोष नव्हेच, भांडवल आहे.

तू आता स्वतः भुताची विनोदी एकांकिका लिहायला घेतली आहेस म्हणून हे सगळं सांगतोय. नुसता प्रेक्षक असतास तर "आवडला नाही ना, मग सोड" म्हटलं असतं. लिहिणाऱ्याला ती चैन परवडत नाही. जे आपल्याला एकेकाळी घाबरवत होतं आणि हसवतही होतं, ते कशाच्या जोरावर, हे त्यानं उकलून बघायला हवं.

चित्रपट १९९३ चा, दिग्दर्शन महेश कोठारे यांचं. बाहुल्यात शिरलेल्या गुन्हेगाराची मूळ कल्पना १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटातली, हे तुला कुणीतरी ऐकवलेलं दिसतंय आणि त्यामुळेही तुझा विरस झालेला दिसतोय. उसनवारी आहेच, ती लपवण्यात अर्थ नाही. गोळी लागून मरायला टेकलेला गुंड मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो, हे तिकडचंच. आपण कोण हे ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला परत जाता येतं, ही अटसुद्धा तिकडचीच. पण इकडे आणताना एक बदल केलाय आणि तुझ्या कामाचा आहे तो हाच बदल. तिकडे तो बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या हातात पडतो. इकडे तो पडतो लक्ष्या बोलके नावाच्या बाप्या माणसाच्या हातात.

एवढ्या एका बदलानं चित्रपटाची जातच बदलते. लहान मूल "बाहुला माझ्याशी बोलतो" म्हणालं तर मोठी माणसं "हो का" म्हणून आपापल्या कामाला लागतात. त्या मुलाचं एकटेपण बघून आपल्या पोटात कालवतं. तेच वाक्य वाढलेला, लग्नाच्या वयाचा पुरुष घाम पुसत, त-त-प-प करत सांगू लागला की आजूबाजूचे हसतात. आपणही हसतो. पण आपण बाहुल्याला बोलताना पाहिलेलं असतं! लक्ष्या खरं बोलतोय हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक आहे, ठाऊक नाही ते फक्त त्याच्याभोवतीच्या माणसांना. हसता हसता आपल्याला त्याची काळजी वाटते ती या फटीतून. भीती आणि हसू हे दोन वेगळे मसाले आलटून पालटून टाकायचे असतात, अशी तुझी समजूत तुझ्या पहिल्या खर्ड्यात दिसते: एक पान किंकाळीचं, एक पान कोटीचं. तसं नसतं रे. दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. खरं सांगणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, त्या ठिकाणाहून.

आता ती अट पुन्हा बघ. बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला शरीर हवंय ते लक्ष्याचंच. त्यामुळे बाकी कुणालाही तो मारू शकतो, लक्ष्याला मात्र जिवंत ठेवणं त्याला भाग आहे. भुताच्या कितीतरी गोष्टींत "हे भूत याला अजून मारत का नाही?" हा प्रश्न लेखक गालिच्याखाली सारतो. इथे त्याचं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकलंय. आणि त्यातूनच पुढचा पेच तयार होतो. मारणारा दिसत नाही, जवळपास सापडतो तो लक्ष्या, म्हणून संशयही त्याच्यावरच. जो बळी आहे तोच आरोपी ठरतो आणि त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला असतो एक बाहुला. यावर लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारखा नट उभा केला की विनोद वेगळा लिहावा लागत नाही.

बेर्डे यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. त्यांना नुसता दंगा करणारा नट म्हणून मोडीत काढण्याची एक फॅशन आहे, तिच्या नादी लागू नकोस. बाहुल्याचा चेहरा काही बदलत नसतो. जबडा हलतो, मान फिरते, फार तर डोळे फिरतात, बस्स. त्याच्या चेहऱ्यावर आपल्याला जो राग, जो कावा, जी आतुरता दिसते ती येते कुठून? समोरच्या नटाच्या डोळ्यांतून. बेर्डे त्या बाहुल्याकडे सहनट असल्यासारखे बघतात. त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबतात, मग आवंढा गिळतात, मग बोलतात. तो आवंढा बघ. एखादा नट प्रॉपकडे बघून डोळे मोठे करतो आणि मोकळा होतो. त्यात बाहुला मरतो आणि प्रसंगही. नाटकातून आलेल्या माणसाला समोरच्याचं ऐकायची सवय असते, ती इथे कामी आली असं माझं मत आहे.

बाहुल्याच्या बाजूला दोन माणसं आहेत. एक रामदास पाध्ये. अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचा वारसा वडिलांकडून घेऊन आलेला हा शब्दभ्रमकार, त्यामुळे बाहुल्यानं कधी हलायचं यापेक्षा कधी हलायचं नाही, हे त्यांना जास्त ठाऊक. भीती स्तब्धतेत असते. कोपऱ्यात नुसता बसलेला तात्या आणि त्याच्याकडे पाठ करून बोलणारं माणूस, एवढंच चौकटीत असलं तरी पुरतं. दुसरे दिलीप प्रभावळकर. सुरुवातीला ते तात्या म्हणून हाडामांसाचे दिसतात आणि मग उरतो तो आवाज. 'हसवाफसवी' या नाटकात सहा वेगवेगळी माणसं उभी करणाऱ्या या नटानं तात्याला विनोदी आवाज दिला असता तर कुणी अडवलं नसतं. त्यांनी दिला नाही. त्या आवाजात खुनशीपणा आहे, घाई आहे. स्वतःचं शरीर गमावलेल्या माणसाची चिडचिड आहे. तात्याला स्वतःला यातलं काहीही गमतीचं वाटत नाही.

हे जुनंच सूत्र आहे. १९४८ साली ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीला हॉलिवुडनं फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासमोर उभं केलं, तेव्हा त्याच चित्रपटात ड्रॅक्युला म्हणून, ती भूमिका आधी गाजवलेल्या बेला लुगोसीलाच पुन्हा घेतलं आणि त्यानं ती भूमिका तशीच गंभीरपणे केली. विदूषकी करायची ती माणसांनी. भुतानं डोळा मिचकावला की खेळ खलास. तुझ्या एकांकिकेतली म्हातारी हडळ पहिल्याच प्रवेशात शाब्दिक कोट्या करते. वाचताना मला हसू आलं, खोटं कशाला बोलू, पण त्यानंतर ती बाई कितीही केस मोकळे सोडून आली तरी मला तिची भीती वाटली नाही. कोट्या तिच्या सुनेला दे. हडळीला काहीतरी हवं असू दे, अगदी मनापासून.

चित्रपट पुन्हा बघशील तेव्हा (बघशीलच, मला खात्री आहे) एकदा आवाज बंद करून बघ. मंत्र नाही, पार्श्वसंगीत नाही. चौकट कुठे कापली आहे, बाहुला कशाच्या आड उभा आहे, पूर्ण आकृती किती कमी वेळा दिसते, याच्याकडे लक्ष दे. बाहुल्याला चालवणारा हात लपवायचा म्हणून ज्या खटपटी कराव्या लागतात, त्यांतूनच पुष्कळदा भीतीची सोय होते. दाखवता येत नाही म्हणून सुचवावं लागतं. कोठारे यांना असल्या करामतींची हौस आधीपासूनच होती. १९९० च्या 'धडाकेबाज'मध्ये त्यांनी याच लक्ष्मीकांतना बुटकं करून बाटलीत बसवलं होतं. पुढे २०१३ मध्ये 'झपाटलेला २' थ्रीडीत आला. 'झपाटलेला'चे दोन्ही भाग पाठोपाठ बघ आणि साधनं वाढल्यावर काय वाढलं, काय नाही, ते तुझं तू ठरव. माझं मत तुला अंदाजानं कळलंच असेल.

दुसऱ्यांदा बघशील तेव्हा बाहुल्याकडे बघूच नकोस. कोणाचा विश्वास कधी बसतो, एवढंच टिपून ठेव. इन्स्पेक्टर महेश जाधव बाहुल्यावर पिस्तूल रोखतो तिथे विनोद आटोपलेला असतो, उरतो तो निव्वळ थरार. लक्ष्या एकटा असेपर्यंतच चित्रपट दोन्ही पायांवर उभा असतो. एकदा का दुसऱ्या शहाण्या माणसाला पटलं की एक पाय निघतो. म्हणून तो क्षण जितका लांबवता येईल तितका लांबवायचा. तुझ्या खर्ड्यात सातव्या पानावर सगळ्या घराला हडळ दिसते. मग उरलेल्या पानांत पळापळीशिवाय काय करणार तू?

जे शिळं झालंय त्याची वकिली मात्र करू नकोस. तात्याच्या साथीदाराला 'कुबड्या खवीस' असं नाव देऊन शरीराच्या व्यंगावर पिकवलेला हशा, वेडेपणावरचे शेरे, नायिकांना गाण्यांपुरतं आणि संकटांपुरतं बोलावणं, हे तुला खटकलं असेल तर बरोबरच खटकलं. आवडत्या कलाकृतीची प्रत्येक गोष्ट आवडून घ्यायची असा काही नेम नाही. गाणी पुढे पळवलीस तरी मी कुणाला सांगणार नाही. फक्त एक कर. जे खटकलं ते गोष्टीला लागत होतं का, असा प्रश्न विचार. कुबडावरचा हशा काढून टाकला तर पेच ढिला पडतो का? नाही पडत. लक्ष्याचं भोळेपण काढलं तर? अख्खा डोलारा कोसळतो. तुझ्या लिखाणालाही हीच चाळणी लाव. तुझ्या नोकराच्या तोतरेपणावरचे पाच विनोद त्यातून खाली पडतील, असा माझा होरा आहे.

आणि "लहानपणी मी मूर्ख होतो म्हणून आवडला" हे जे शेवटी लिहिलंस, ते खोडून टाक. मूल पटकथा तपासत नाही, पण कोण खरं बोलतंय हे त्याला बरोबर कळतं. त्याच्यावरही घरात कुणी विश्वास ठेवत नसतं ना! पलंगाखाली काहीतरी आहे, हे त्यानंही कितीदा तरी सांगितलेलं असतं. पडद्यावर एवढा मोठा माणूस तेच सांगतोय आणि त्यालाही हसतायत, हे बघून तू लक्ष्याच्या पक्षात गेलास. तुला भूत आवडलं नव्हतं, तुला लक्ष्या आवडला होता.

आता काम. हडळ प्रथम कोणाला दिसते, हे तू तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलं आहेस: एकदा सासऱ्याला, एकदा सुनेला, एकदा नोकराला. एकच ठेव. माझं विचारशील तर नोकर, कारण त्या घरात त्याच्या शब्दाला सगळ्यात कमी किंमत आहे. आणि त्याला कोणी काढूनही टाकू नये, याचं एक सज्जड कारण शोध. ते सापडलं की पहिली दहा पानं नव्यानं लिहून पाठव. तालमीची तारीख त्याआधी ठरवू नकोस.

तुझा,
काका