तुमचे प्रश्न: डार्सी फोंड्यात आला तर?

प्रश्न: मी फोंड्याची. कॉलेजात जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी वाचली तेव्हापासून ती डोक्यातून गेलीच नाहीये. आता तीच गोष्ट आजच्या गोव्यात आणून मराठीत लिहायला घेतलीय, पाच बहिणी, बाबांच्या माघारी घर चुलतभावाला जाणार वगैरे. मैत्रीण म्हणते ही कॉपी आहे, शिवाय आता हे कोणाला पटणार? सोडून देऊ का?

उत्तर: अजिबात सोडू नका ताई. कॉपीचं म्हणाल तर ऑस्टिनबाई 1817 मध्ये गेल्या, हक्काबिक्काचा प्रश्न केव्हाच संपला, आणि लोक त्यांच्या गोष्टी सारखे नव्याने सांगतायत. 2004 मध्ये दिग्दर्शिका गुरिंदर चढ्ढांनी त्या बहिणींना अमृतसरच्या केलं आणि सिनेमात आपल्या गोव्यालाही आणलं. ऑस्टिनबाईंचीच 'एमा' ही कादंबरी 2010 मध्ये 'आयशा' होऊन दिल्लीत आली, त्याआधी 1995 मध्ये 'क्लूलेस' होऊन बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत गेली होती. मला 'क्लूलेस' जास्त आवडतो, कारण एमाचं गावात जे वजन तेच त्या मुलीचं शाळेत आहे, नुसते कपडे बदललेले नाहीत.

मैत्रिणीचं दुसरं म्हणणं मात्र ऐका. मूळ गोष्टीत घर पुरुष वारसालाच जाणार म्हणून आईचा जीव टांगणीला लागलेला असतो. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि मृत्युपत्र केलं तरी अर्धी मालमत्ता मुलाबाळांसाठी राखूनच ठेवावी लागते, त्यामुळे तुमचा चुलतभाव पाच मुलींना घराबाहेर काढणार कसा? गोव्यातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

पण घर जायची भीती आपल्याकडे नाही असं थोडंच आहे, ती वेगळ्या दारातून येते. ते कुटुंब मुंडकार करा ना! म्हणजे घर यांचं, जमीन भाटकाराची, जमीनमालकाची. 1975 च्या कायद्याने त्यांना हुसकावता येत नाही, घराखालची जागा विकत घ्यायचा हक्कसुद्धा आहे, पण तो मिळवायला मामलेदाराकडे खेटे घालावे लागतात. आणि डार्सी, मूळ गोष्टीतला तो श्रीमंत नायक, तो त्याच भाटकाराचा मुलगा. आता तुमच्या नायिकेने त्याचा राग करायला खरं कारण आहे आणि त्याच्या तोऱ्यालाही.

अजून एक, डार्सीचं पत्र सांभाळा. मूळ गोष्टीतली नायिका एलिझाबेथ ते वाचते, आता पुन्हा बघायचंच नाही म्हणून घडी घालते आणि अर्ध्या मिनिटात परत उघडते. तुम्ही व्हॉट्सॲप वापरणार असाल तर वापरा, पण तो अर्धा मिनिट हवाच, म्हणजे डिलीट करायला बोट गेलंय आणि ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलीय असं काहीतरी.

पहिलं प्रकरण मामलेदार ऑफिसच्या बाकावर सुरू करून बघा, दोघं आपापल्या वडिलांबरोबर आलेत, जागा नाही म्हणून शेजारी शेजारी बसलेत, आणि पुढची तारीख पडते.